दांडपट्टा नोंद: उलट्या हाताचं भगदाड

मागच्या नोंदीत तोऱ्यात लिहिलं होतं, पट्ट्याच्या टप्प्यात फरी-गदकावाला (एका हातात फरी म्हणजे छोटी ढाल, दुसऱ्यात गदका म्हणजे सरावाची काठी) येऊच शकत नाही. रविवारी भाच्याने ते शब्द गिळायला लावले. गदक्याला खडू फासलेला. 12 डावांनंतर माझ्या काळ्या टी-शर्टवर डाव्या बरगडीखाली 9 पांढरे फराटे. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर फिरायला आलेले एक आजोबा ते चक्क मोजत होते.

पठ्ठ्या करतो काय, तर मला उलटा हात टाकू देतो. पातं डावीकडून उजवीकडे गेलं रे गेलं, की फरी पात्याला चिकटवून एक पाऊल आत. नुसती काठी असती तर मनगट फिरवून टोक परत आणलं असतं. इथे आडवी मूठ पंजात, वर खोबळा (हात झाकणारं धातूचं कवच), कोपराजवळ पट्टी आवळलेली. मनगट असून नसल्यासारखं. परत फिरायचं तर खांदा आणि कंबर दोन्ही फिरवायला हवेत, तोवर मामा गारद.

आधी वार आखूड करून पाहिला. जोर गेला, भगदाड तसंच. सरळ मागे सरकलो, तर तोही मागोमाग आला. तीन दिवस डोकं फिरलं होतं.

बुधवारी सुचलं की पातं आल्या वाटेने परत आणायचंच कशाला? उजवीकडे गेलंय तर तसंच डोक्यावरून नेऊन उतरता हात टाकायचा, आणि त्याच वेळी डावा पाय तिरका मागे. बरगडी आपोआप दूर जाते आणि आत शिरणारा बरोब्बर पात्याखाली सापडतो. पुढच्या 12 डावांत फराटे फक्त 4! दोनदा त्याच्या मुखवट्याच्या जाळीवर माझ्या सरावाच्या पट्ट्याचा वेत वाजला. तो आवाज अजून कानात आहे.

सरावाच्या पट्ट्याबद्दल: 2024 मध्ये पट्टा राज्यशस्त्र झाला, तेव्हापासून मला तरी बाजारात शोभेचाच माल जास्त दिसतो. मी मागवलेल्या खोबळ्यात मूठ इतकी पुढे की बोटांची सालटी निघाली. शेवटी सातपूरला वेल्डिंगवाल्याकडून ती इंचभर मागे घेतली, वर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. पात्याऐवजी फोम चढवलेला वेत आहेच.

पुढे धोप (सरळ पात्याची लांब मराठा तलवार) घेणार होतो. पण हे लिहितानाच आठवलं, तलवारीच्या मुठीची चकतीही मनगटाला अडतेच की! म्हणून तलवारवाला कोपर वाकवून ओढता वार करतो. जवळ आलेल्यावर पट्ट्याने तसंच केलं तर? खोबळ्यालगतचा वीतभर भाग लावून ओढायचा. धोप राहू दे महिनाभर. रविवारी आधी हे बघतो, आणि फोम तेवढ्या भागात दुप्पट करतो, नाहीतर ताई घरात घेणार नाही.