1,004 शेअरचे 125 झाले तेव्हा

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्या आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. 2022 च्या त्या गर्दीत काका पेढे घेऊन आले. "शेअर विकले गं. 35 ला घेतलेले 95 ला गेले. टॅक्स किती तेवढं सांग, भरून मोकळा होतो."

काका अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते. 2005 च्या सुमाराला सरासरी 35 डॉलरनं घेतलेले 1,004 शेअर पुण्यात परतल्यावरही त्यांनी जपले. 2008 ला भाव कोसळला, 2018 ला कंपनी डाऊ जोन्स या निर्देशांकातून बाहेर पडली, तरी विकले नाहीत. कंपनीवर जीव होता. मग ऑगस्ट 2021 मध्ये कंपनीनं आठ शेअरचा एक केला, म्हणजे रिव्हर्स स्प्लिट. 13 डॉलरच्या आसपासचा भाव एकदम 104 च्या घरात दिसू लागला. काकांनी डिसेंबरमध्ये सगळे विकून टाकले.

आमच्या ऑफिसातल्या मुलानं हिशेबही करून ठेवला होता: 125 गुणिले 60, नफा 7,500 डॉलर. या मुलांना कलमं पाठ असतात, पण ब्रोकरचं स्टेटमेंट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला त्यांना कुणी शिकवत नाही. तळाशी साधारण 50 डॉलर रोख जमा झाल्याची एक बारीक नोंद होती. 1,004 भागिले 8 म्हणजे 125.5. अर्धा शेअर कंपनीनं दिला नव्हता, त्याऐवजी त्याचे पैसे दिलेले. त्या नोंदीपाशी मी थांबले आणि खरेदीचा भाव पुन्हा तपासला.

आठ जुने शेअर मिळून एक नवा झाला, तर त्या एकाची खरेदी 35 ला कशी? आठ पस्तिसं 280. काकांनी 280 चा शेअर 95 ला विकला होता. घातले 35,000, हातात आले 11,875. तोटा 23,125 डॉलर.

कागदावर मांडून दाखवलं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण डिव्हिडंडही एका सेंटचा आठ सेंट झाला होता की." तोही शेअरमागे आठपट, आणि शेअर आठवा हिस्सा.

माझ्या मनातून जात नाही तो ऑगस्ट 2021 मधला त्यांचा फोन. शेअर कमी दिसतायत म्हणून घाबरले होते. मी म्हटलं, "काका, काळजी करू नका, शेअर आठवा हिस्सा, भाव आठपट, किंमत तेवढीच." यातलं काहीच खोटं नव्हतं. खरेदीचा भावही आठपट धरा, हे मात्र सांगायचं राहिलं. रिव्हर्स स्प्लिटनंतर चढलेला भाव दिसतो सगळ्यांना. जुना खरेदीभाव ज्याच्या त्याच्या डायरीत तसाच राहतो. किरकोळ गुंतवणूकदार फसतो तो इथे, आणि फोनवर मला ते सुचायला हवं होतं. एरवी रिव्हर्स स्प्लिटचा मार्ग बहुतेक दुबळ्या कंपन्या धरतात, भाव 1 डॉलरच्या खाली राहिला तर नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावरून नाव निघू नये म्हणून. ही कंपनी मात्र पुढे तीन भागांत विभागली आणि भाव खूप चढला. तोटा आहे हे कळलं असतं तर काकांनी विकले नसते, असं ते मला एकदाच म्हणाले.

कर शून्य. दीर्घ मुदतीचा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. काकांकडे तो ज्यातून वजा करावा असा कुठला नफा नाही, पण दर जुलैला त्यांच्या रिटर्नमध्ये तो आकडा मी स्वतः भरते.