कुत्री गाडीत ठेवायची होती, कार्यालयाला फक्त सही हवी होती

नाशिकजवळच्या कॅम्पिंगच्या जागेवर माझ्यापुढे सहीसाठी ठेवलेल्या हमीपत्राचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. कुत्र्याची जात, रंग, वय, रेबीजच्या लसीची तारीख, मालकाचा आधार क्रमांक, नासधूस झाल्यास भरपाई, कुणाला चावल्यास जबाबदारी मालकाची. एवढं सगळं त्यात आहे. गाडी आतून किती तापते, वीज गेली तर काय करणार, तुम्ही नसताना दार कोण उघडेल, यातलं काहीच नाही. मार्च संपत आलेला, नाशिकला दुपारी 36 अंश. या कागदापायी आमचा अख्खा दिवस गेला आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. कॅम्परव्हॅन आणि कुत्री घेऊन नाशिककडे येणाऱ्यांनी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहिते.

सासऱ्यांच्या मागे त्र्यंबकेश्वरला त्रिपिंडी श्राद्ध करायचं राहून गेलं होतं. आम्ही पुण्याचे, दीर नाशिकला इंदिरानगरात. आमचा शेरू म्हातारा लॅब्रेडोर आहे आणि चिंगी रस्त्यावरून उचलून आणलेली देशी. जाऊबाईंना दमा, त्यामुळे त्यांच्याकडे कुत्री ठेवायची बातच नव्हती. पुण्यात बोर्डिंगमध्ये ठेवलं तर चिंगी अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून ट्रॅव्हलर मिनीबसची करून घेतलेली आमची कॅम्परव्हॅन (आत राहण्याची सोय असलेली गाडी) न्यायची, गंगापूर धरणाच्या पाण्याजवळ द्राक्षबागेला लागून असलेल्या एका जागी लावायची, आणि विधीच्या दिवशी भाऊजींच्या गाडीतून त्र्यंबकला जायचं, असं ठरवलं. कुशावर्तावर स्नान, मग विधी, मग दर्शनाची रांग. चार-पाच तास कुत्री गाडीत एकटी राहणार हे आधीपासून माहीत होतं. बुकिंग करताना फोनवर सांगितलंही होतं. "हो हो, आपल्याकडे पेट चालतात," असं उत्तर मिळालं होतं.

घरची तयारी रीतसर केली होती. गाडी सोसायटीच्या आवारातच उभी करून आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास, असा वेळ वाढवत नेला. निघताना लाड नाहीत, आल्यावर आरडाओरडा नाही. खिडक्यांना पडदे, कारण बाहेरचं हललेलं दिसलं की चिंगी भुंकते. आत आकाशवाणी हळू आवाजात. आणि कॅमेरा. पहिली वीस मिनिटं कुत्रं शांत बसलं तर पुढे ते बहुधा झोपतंच, हे कॅमेऱ्यामुळेच कळलं. एकटं राहायचं शिकवण्यासाठी कॅम्पिंगची जागा निवडू नका. तिथे सगळंच नवीन असतं.

आता कार्यालय.

काउंटरवर हमीपत्र पुढे आलं आणि शेवटच्या ओळीत लिहिलेलं, "पाळीव प्राणी कोणत्याही वेळी मालकाशिवाय ठेवला जाणार नाही." मी मॅनेजरना म्हटलं, "दादा, फोनवर तर मी सांगितलं होतं, उद्या सकाळी आम्ही सगळे त्र्यंबकला जाणार." ते म्हणाले, "ताई, सही करून टाका, सगळेच करतात. कोण बघतंय?"

माझी नेमकी अडचण तीच होती. सही करून गुपचूप कुत्री ठेवून गेले असते, तर मागे वीज गेली किंवा चिंगी भुंकायला लागली, तर मदत मागायला मला तोंड उरलं नसतं. कुत्री आत आहेत हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं होतं, आणि मला ते लेखी हवं होतं. मॅनेजर म्हणाले, साहेबांना विचारावं लागेल. साहेब मुंबईत. साहेब मीटिंगमध्ये. साहेब जेवायला गेलेत. लसीची कागदपत्रं फोनवर दाखवली तर छापील प्रत हवी म्हणाले. ती काढायला आमच्या ह्यांनी जवळच्या गिरणारे गावाला चक्कर मारली. प्रत आणल्यावर ती न बघताच फाइलमध्ये गेली. आई (माझ्या सासूबाई) उन्हात पडवीत बसून, आणि गाडीचं इंजिन चालू, एसी चालू, कारण कुत्री आत.

मध्ये त्यांनी दोन पर्याय सुचवले. दोन्ही सांगते, कारण असे पर्याय तुम्हालाही कुणी तरी सुचवेल.

पहिला, "कुत्री बाहेर आंब्याला बांधा, माळी लक्ष ठेवेल." नाशिक जिल्ह्यात बिबटे ऊस-बागांच्या कडेने फिरतात, शहरातल्या वस्तीतही आलेले आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. दिवस मावळल्यावर आणि उजाडण्याआधी बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. आमचं निघणं उजाडण्याआधीच. शिवाय कुत्र्याला आखूड साखळीने तासन्‌तास अडकवून ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. हे मी मॅनेजरना शांतपणे सांगितलं.

दुसरा, "एसी कशाला, आमचा कूलर लावा, काचा थोड्या उघड्या ठेवा." कूलर पाणी उडवून थंडावा देतो, त्याला हवा सतत बाहेर जाण्यासाठी वाट लागते. बंद गाडीत तो फक्त दमटपणा वाढवतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकून जिभेवरचं पाणी उडेल तेवढाच त्याचा गारवा. हवा दमट झाली की तो मार्गही बंद. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवीच 38.3 ते 39.2 अंश असतं, 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. आणि काचांचं म्हणाल, तर अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हातल्या बंद मोटारी तासाभरात सरासरी 22 अंशांनी तापल्या, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा किंचित उघड्या ठेवून फारसा फरक पडला नाही. आमच्या गाडीला आतून थर्माकोल-फोमचा थर आहे, ती इतकी झपाट्याने तापणार नाही. तरी एसी बंद पडला तर वेळ थोडाच मिळतो.

म्हणून माझा खरा प्रश्न विजेचा होता. तो विचारला की कुणालाच उत्तर येत नव्हतं. "लाइट असते की चोवीस तास." कुठल्या फीडरवर? माहीत नाही. ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. फीडर म्हणजे उपकेंद्रातून वीज आणणारी वाहिनी. ग्रामीण भागात शेतीपंपांचा फीडर वेगळा आणि गावठाणाचा वेगळा असतो. शेतीच्या फीडरवर तीन फेज वीज ठरावीक तासच, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. द्राक्षबागेतल्या जागेचा प्लग बागेच्या मोटरशेजारच्या पेटीतून काढलेला असेल, तर सकाळी नऊला वीज जाऊ शकते, आणि तेही वेळापत्रकाप्रमाणे. त्यांनी मला दाखवलेला प्लग नेमका तसाच होता. स्वयंपाकघर गावठाण फीडरवर आहे हे आतल्या आचाऱ्याने सांगितलं. मॅनेजरनाही ते तेव्हाच कळलं. कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण राज्याने 2021 मध्ये आणलं. गाड्या लावायच्या जागेचे पैसे घेणाऱ्याला आपली वीज कुठून येते एवढं ठाऊक असायला नको?

शेवटी भाऊजींनी ओळखीतून गिरणाऱ्याचा एक वायरमन बोलावला. त्याने आल्या आल्या बल्ब लावून अर्थिंग तपासलं. मोटरच्या पेटीला अर्थिंगच नव्हतं! गाडीची बॉडी लोखंडी, आत ओल्या नाकाची दोन कुत्री. माझ्या अंगावर काटा आला. त्याने स्वयंपाकघराच्या बोर्डातून 4 चौरस मिलिमीटरची केबल ओढून 16 अँपियरचा वेगळा प्लग काढला, त्याला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) लावला, म्हणजे मिक्सर-गीझरने आमचा एसी पडणार नाही. तासाभराचं काम. पैसे आम्हीच दिले, आणि आनंदाने दिले. घरातला बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड एसीसाठी कधीही वापरू नका. तासाभरात हाताला चटका बसेल इतका तापतो.

मग मी स्वतःच चार ओळी लिहिल्या. उद्या सकाळी अमुक ते अमुक वेळात दोन कुत्री या गाडीत असतील. प्लग चालू ठेवण्याची जबाबदारी जागेची. गाडीची जादा चावी माळीकाकांच्या बायकोकडे, कारण दिवसभर तिथे हजर असणारं माणूस तेवढंच. वीज दहा मिनिटांपेक्षा जास्त गेली तर आम्हाला फोन करायचा आणि फोन न लागल्यास दार उघडून कुत्री पडवीत आणायची. हमीपत्रातली ती शेवटची ओळ खोडली, शेजारी सही केली, माझ्या चार ओळी जोडल्या. साहेबांचा फोन संध्याकाळी सातला लागला. त्यांनी मिनिटभरात "ठीक आहे" म्हटलं. मिनिटभरात! शिक्का बसलेला तो कागद मी जपून ठेवलाय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

रात्री माळीकाकांच्या बायकोची, म्हणजे मावशींची, कुत्र्यांशी ओळख करून दिली. त्यांच्या हातून भाकरी खाऊ घातली, दार त्यांना स्वतः उघडायला लावलं, गळ्यातला पट्टा कसा धरायचा ते दाखवलं. अनोळखी माणसाने एकदम दार उघडलं तर घाबरलेलं कुत्रं पळत सुटतं. चावी देऊन भागत नाही, ओळख हवी.

विधीचा दिवस सुरळीत गेला. सव्वादहाच्या सुमारास फोनवर वीज गेल्याचा इशारा आला, पाठोपाठ मावशींचा फोन, "ताई, लाइट गेलीये, मी गाडीपाशीच उभी आहे." पाच-सात मिनिटांत वीज आली, एसी आपोआप सुरू झाला, आतलं तापमान 27 च्या वर गेलं नाही. हे आपोआप सुरू होणं आधी तपासा. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि एसीकडे बघत उभे राहा. काही एसी, विशेषतः चाकांवरचे पोर्टेबल, वीज आल्यावर तसेच मुके राहतात, आणि तुम्ही तिकडे समजता की गाडी थंड आहे.

इशारा देणारं यंत्र सिमकार्डवालं घ्या. वायफायवालं वीज गेली की राउटरबरोबरच मरतं, म्हणजे हवं तेव्हाच गप्प. आमचं 29 अंशांवर लावलेलं असतं. लिथियम बॅटरी 12 व्होल्ट 200 अँपियर-अवरची आहे, तिच्यावर एसी फार तर दोन-अडीच तास ओढतो. छतावरचा पंखा बॅटरीवर दिवसभर चालतो, पण तो बाहेरचीच हवा आत घेतो, बाहेर 36 असेल तर आत 36 च्या खाली आणू शकत नाही. तेवढ्यावर विसंबून निघू नका. गाडी लावताना पुढची काच उत्तरेकडे ठेवा आणि सकाळी दिसणाऱ्या सावलीवर जाऊ नका, अकरापर्यंत ती सरकलेली असते. काचेवर बाहेरून चंदेरी शीट घाला, आतून घातलेली तेवढी उपयोगाची नाही, ऊन काचेतून आत आलेलंच असतं.

त्र्यंबकला आमच्यातलं एक जण सतत फोन हातात धरून रांगेबाहेर होतं, आळीपाळीने. भाऊजींची गाडी निघता येईल अशी लावलेली होती. दर्शनाची रांग फार लांबली असती तर मी परत फिरणार होते, आईंना तसं आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी ते मनापासून मान्य केलं होतं.

एक मोठी गोष्ट राहिलीच. द्राक्षं. बागेलगत जागा असेल तर कुत्र्याला मोकळं सोडू नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्याला कारण असावं असं पशुवैद्य अलीकडे मानतात. हंगामात बांधावर गळालेले मणी पडलेले असतात, वर फवारणीची औषधं. शेरूला तोंडाला जाळी घालूनच फिरवलं. खाल्ल्याची शंका जरी आली तरी उलटीची वाट बघत बसू नका, सरळ पशुवैद्याकडे न्या. नाशिक शहर तिथून जवळ आहे, दवाखान्याचा नंबर आदल्या दिवशीच काढून ठेवा. गाडीत एकटं ठेवण्याआधी पोटभर जेवणही देऊ नका. आम्ही पहाटे लांब फिरवून आणलं, थोडं खायला दिलं, आणि न सांडणाऱ्या दोन भांड्यांत पाणी ठेवलं.

निघताना मी मॅनेजरना माझ्या कागदाची एक प्रत दिली आणि म्हटलं, हे तुमच्या हमीपत्रात छापून घ्या. त्यांनी ठेवून घेतली. मध्यंतरी भाऊजींचे एक मित्र त्यांच्या कुत्र्यासह तिथे गेले होते, त्यांना हमीपत्र जुनंच मिळालं, शेवटच्या ओळीसकट. स्वयंपाकघरातून काढलेला प्लग मात्र जागेवर आहे. तिथे गाडी लावणार असाल तर बुकिंगच्या फोनवरच गावठाण फीडरवरचा 16 अँपियरचा प्लग मागा, आणि कुत्री किती तास एकटी असतील ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून त्यांचं उत्तर लेखी घ्या.