फोटोवरून पतंगाचं नाव का सांगत नाही?

‘दिव्याजवळ भिंतीवर बसला होता, फोटो पाठवतोय, नाव सांगा.’ मी फक्त कुळापर्यंत येऊन थांबलो की पुढचा प्रश्न ठरलेला: फुलपाखराचं तर लगेच सांगता, मग पतंगाचंच का अडतं? तुम्ही विचारलंत म्हणून.

सगळ्यांचं अडत नाही. अ‍ॅटलास पतंग लांबूनही चुकायचा नाही. पाठीवर कवटीसारखी नक्षी असलेला हॉकमॉथ हा पतंगही नाही, पण त्या कवटीवाल्यांच्या ३ जाती आहेत. त्यामुळे मागच्या पंखांचा आणि पोटाचा फोटो नसेल तर तिथेही सांभाळूनच बोलावं लागतं.

खरी पंचाईत करड्या-तपकिरी पतंगांची. हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून बसणारी घाटेअळी सगळ्यांना माहीत असते. तिचा पतंग म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. अमेरिका खंडात तिची सख्खी बहीण शोभेल अशी हेलिकोव्हर्पा झिया आहे. एकाच जातीत रंग पिवळट ते विटकरी असा बदलतो आणि दोघींची नक्षी एकमेकींत मिसळते. २०१३ साली ब्राझीलमध्ये आर्मिजेरा सापडल्याची नोंद झाली. झिया तिथली मूळचीच, म्हणजे शेतात दोन्ही. पंख पाहून निवाडा होत नाही, नराचं जननांग उघडावं लागतं. त्यात व्हेसिका नावाची पातळ पिशवी असते. ती फुगवली की बुडाशी आर्मिजेरात १ फुगवटा दिसतो, झियात ३.

हे उघडायचं कसं? वाळलेल्या नमुन्याचं पोट खालून वर हलकेच दाबलं की सांध्याशी तुटतं. जिओमेट्रिड आणि पायरॅलिड या कुळांतल्या पतंगांचे कान पोटाच्या बुडाशी असतात, त्यामुळे तिथे घाई केली तर ओळखीची एक खूण आपणच मोडतो. पोट आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवायचं. तसंच टाकलं तर आत हवा राहते आणि ते तरंगत बसतं. मग आतला मऊ भाग विरघळवायला १० टक्के कॉस्टिक पोटॅश. परीक्षानळी गरम पाण्यात उभी केली तर लहान पतंगाला १० मिनिटं पुरतात, मोठ्याला २०. घाई नसेल तर तसंच रात्रभर ठेवा, मला हीच पद्धत आवडते. नळी थेट ज्योतीवर धरू नका, पोटॅश उसळून अंगावर येतं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

नंतर बशीत पाणी घेऊन बारीक ब्रशने खवले आणि आतला गाळ काढायचा. कमी शिजलं तर स्नायू चिकटून राहतात. जास्त शिजलं तर पडदे लुळे पडतात आणि रंगही धरत नाहीत. मादीत हे फार महागात पडतं, कारण तिच्यात पाहायची ती तिच्या जननांगातली नाजूक पिशवीच. पडदे नीट दिसावेत म्हणून क्लोराझोल ब्लॅक हा रंग लावतात, तो काही सेकंदांतच चढतो, नजर हटवू नका.

नरात दोन बाजूंच्या पाकळ्या, म्हणजे व्हाल्व्हा, उघडून आतली, व्हेसिका पोटात असलेली नळी वेगळी काढायची. इन्सुलिनच्या सुईने मागच्या टोकातून अल्कोहोल सोडलं की मोज्याचं बोट उलटं करावं तशी व्हेसिका बाहेर येते. जोर लावला तर फाटते, आणि मग फुगवटे मोजणार कशाचे? काचपट्टीवर दाबून चपटं करण्याआधी फोटो काढून घ्या. चपटं झाल्यावर पाकळीचा बाक हरवतो.

या सगळ्यापेक्षा मोठी चूक चिठ्ठीची. टाचणीवर, नळीवर आणि काचपट्टीवर एकच क्रमांक हवा. पाच पोटं एका बशीत घेतली की कुणाचं कुठलं हे कुणीच सांगू शकत नाही. मग तो नमुना फक्त शोभेचा.

फोटो फुकट जातो असं मात्र समजू नका. वरून एक, बाजूने एक, शक्य असेल तर पंख उघडे असताना एक, शेजारी पट्टी ठेवून. मिशा स्पष्ट दिसू द्या. त्या पिसासारख्या असतील तर बहुधा नर. मेलेला पतंग हातात असेल तर मागच्या पंखाच्या पुढल्या बुडाशी भिंगातून पाहा. तिथला राठ केस एकच जाड असेल तर नर, दोन किंवा जास्त असतील तर मादी. काही कुळांत तो केस मुळातच नसतो.

आणि असा मेलेला पतंग प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत दमटपणा धरून बुरशी येते. कागदाची त्रिकोणी पुडी करा. तारीख आणि ठिकाण त्यावर आधी पेन्सिलीने लिहा, पतंग नंतर ठेवा. आत पतंग असताना लिहायला गेलात तर पेन्सिलीच्या दाबाने पहिल्या मिशाच मोडतात.