अ‍ॅस्पिरिनमागचा दुसरा माणूस

बारावीच्या प्रात्यक्षिकाला आमचे रसायनशास्त्राचे सर मुदत उलटून गेलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी हुंगायला द्यायचे. व्हिनेगरचा वास यायचा. मग गोळीच्या पाण्यात फेरिक क्लोराइडचे थेंब, की पाणी जांभळं! दमट हवेत अ‍ॅस्पिरिन फुटून व्हिनेगरचं आम्ल सुटतं आणि मागे मूळचं सॅलिसिलिक आम्ल उरतं, हे आम्हांला पुस्तकाआधी नाकाने कळलं. जर्नलमध्ये 'निरीक्षणा'च्या रकान्यात 'अनुमान' घुसलेलं दिसलं, तर सर अख्खं पान परत लिहायला लावत.

फेलिक्स हॉफमनची गोष्टही त्याच तासाला ऐकली. वडिलांना संधिवात, त्यावरचं जुनं औषध सॅलिसिलेट पोटाला सोसेना, म्हणून बायर या जर्मन कंपनीत काम करणाऱ्या मुलाने १० ऑगस्ट १८९७ रोजी अ‍ॅस्पिरिन हे नवं औषध तयार केलं. (दोनच आठवड्यांत त्याने हेरॉइनही बनवलं. ते आम्हांला कोणी सांगितलं नाही!)

पुढे एका औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी लागली. तिथे वाचता वाचता आर्थर आयशेनग्रून हे नाव भेटलं. जन्म १८६७, आखेन. १८९६ मध्ये तो बायरमध्ये आला. परम्यावरचं प्रोटारगॉल हे चांदीयुक्त औषध त्याचंच. १९०८ मध्ये बायर सोडून त्याने बर्लिनजवळ स्वतःचा कारखाना काढला. सहज पेट न घेणारं सेलॉन हे प्लास्टिक तिथलं.

पण तो ज्यू होता. नाझी राजवटीत, १९३८ मध्ये, कारखाना विकावा लागला. सरकारी अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात ज्यूंना सक्तीचं केलेलं 'इस्रायल' हे नाव लावलं नाही, म्हणून १९४३ मध्ये कैद झाली. पुढच्या वर्षी, पंचाहत्तरी उलटल्यावर, टेरेझियनश्टाटची छळछावणी. चौदा महिन्यांनी तिथून तो जिवंत सुटला.

१९४९ मध्ये त्याने लेख छापला. त्याचं म्हणणं असं, की हॉफमनला हे काम त्यानेच दिलं होतं, आणि कशासाठी ते हॉफमनला ठाऊकही नव्हतं. कंपनीत औषधांच्या चाचण्या पाहणाऱ्या हाइनरिख ड्रेसरने हृदयाला घातक म्हणून औषध बाजूला सारलं, तेव्हा आयशेनग्रूनने ते आधी स्वतः घेऊन पाहिलं आणि मग गुपचूप बर्लिनच्या डॉक्टरांकडे पोचवलं. लेख छापला त्याच वर्षी डिसेंबरात आयशेनग्रून वारला.

वडिलांच्या संधिवाताची गोष्ट मात्र पहिल्यांदा छापली गेली १९३४ मध्ये, एका तळटीपेत. म्हणजे शोधानंतर सदतीस वर्षांनी, ज्यूंची नावं पुसण्याच्या काळात. सरांच्या हिशेबाने ती निरीक्षणाच्या रकान्यात बसत नाही.

वॉल्टर स्नीडर या ब्रिटिश अभ्यासकाने २००० साली आयशेनग्रूनची बाजू मांडली. बायरने ती मान्य केली नाही. रसायन हॉफमनच्या हातून झालं, याबद्दल वाद नाही. डोकं कुणाचं, हा वाद आहे, आणि त्यात माझं मत आयशेनग्रूनला. प्रोटारगॉल आणि सेलॉन नावावर असलेल्या माणसाला ब्याऐंशीव्या वर्षी उसन्या श्रेयाची काय गरज पडली असती?