बसते का आपलं त्याच्यात?

२०२५ चं केंद्राचं बजेट शनिवारी आलं, म्हणून मला ते पानठेल्यावर ऐकता आलं. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेअकराला कुलूप लावून फाट्यावर आलो, तर ज्या मोबाइलवर एरवी कीर्तनं लागतात त्यावर निर्मला सीतारामन बोलत होत्या. ऐकायला माणसं मोजून चार. त्या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, दिवसाची लाइन होती, आणि दिवसा लाइन असताना हरभऱ्याचं ओलित सोडून भाषण ऐकत बसणारा कास्तकार मी तरी अजून पाहिलेला नाही. बाया तुरी सवंगायला गेलेल्या. उरले ते असे: ठेलेवाला, पारावरून उठून आलेले दोन म्हातारे, आणि मोटरसायकल पंक्चर झाल्यानं अडकलेला एक पोट्टा.

"गुर्जी, मॅडमनं कापसाचं नाव घेतलं!" मला पाहताच ठेलेवाला म्हणाला. त्या सगळ्या इंग्रजी भाषणातून त्याच्या हाती 'कॉटन' एवढा एक शब्द लागला होता, आणि तो त्यानं सुट्या पैशासारखा मुठीत धरून ठेवला होता.

घोषणा होती कापूस उत्पादकता मिशनची. मुदत पाच वर्षं, भर अतिलांब धाग्याच्या वाणांवर.

"मिशन म्हन्जे नेमकं काय असते?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"येतीन, फोटो काढतीन, जातीन," दुसरा म्हणाला. मिशनचा निकाल तिथंच लागला.

मग बारा लाखांची घोषणा झाली. दिल्लीत बाकं वाजली. आमच्याकडे ठेलेवाल्यानं खर्रा घोटायचा थांबवला आणि चौघंही माझ्याकडे पाहू लागले, कारण आकडा मोठा होता आणि गुर्जी समोरच होते.

"बारा लाखांच्या खाली कमाई असन तं टॅक्स नाई," मी सांगितलं.

"मंग आपुन बसतो का त्याच्यात?" पहिले आबाजी. "आमी तं बाराच्या लय खाली."

"तुमाले तसाबी नव्हता, आबाजी. शेतीच्या कमाईवर टॅक्स नसतेच."

"म्हन्जे जो माफ केला तो आमाले नव्हताच?"

"नव्हताच."

"मंग आमाले कायले सांगून राह्यले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी शहरातल्या मंडळींच्या प्रतिक्रिया पेपरात आल्या. कुणी दिलासा म्हणालं, कुणी संमिश्र, कुणाला निराशा वाटली. आबाजींचा प्रश्न कुठंच नव्हता.

खरं तर बजेटवर गावाची प्रतिक्रिया एवढीच असते: बसते का आपलं त्याच्यात? 'बसणे' या क्रियापदाला मराठीनं किती राबवलंय पहा. घडी बसते, धक्का बसतो, बाजार बसतो, कर बसतो. आमच्याकडे मात्र सरकारी कागदाचा विषय निघाला की या शब्दाला एकच अर्थ उरतो. यादीत बसला. निकषात बसला. "तो बसला, मी नाई बसलो." बजेट चांगलं की वाईट हे कुणी विचारत नाही. पंगत चांगली की वाईट हे पंगतीबाहेर उभ्या असलेल्या माणसानं कसं सांगावं?

आता कबूल करायची गोष्ट. त्या दिवशी ठेल्यावर एक माणूस बसत होता. तो मी. माझा पगार वर्षाला साडेनऊ लाख. त्यातून पगारदारांची पंचाहत्तर हजारांची वजावट गेली की राहतात पावणेनऊ. जुन्या दरानं त्यावर सेससकट ३९ हजार टॅक्स होता, तो आता शून्य. हा हिशेब मी शर्टाच्या खिशातल्या मोबाइलवर, मेसेज आल्याचं निमित्त करून, तिथल्या तिथं केला. नंतर मास्तरकीच्या सवयीनं उलटा भागाकारही केला. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाला ६ हजार. म्हणजे मला एका वर्षात सुटली ती रक्कम आबाजींना मिळायला साडेसहा वर्षं लागणार. मोबाइल खिशात टाकला आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. काहून देतोय ते कुणाला सांगितलं नाही.

आमच्या घरात 'बसणे' हा शब्द मला फार लवकर, आणि महाग, शिकायला मिळाला. २००८ ची गोष्ट. ते बजेट आलं २९ फेब्रुवारीला, चार वर्षांनी एकदा येणाऱ्या तारखेला. साठ हजार कोटींची कर्जमाफी. दीड वर्षाआधीच, १ जुलै २००६ ला, पंतप्रधान मनमोहनसिंगांनी विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. आत्महत्यांच्या बातम्यांनी तेव्हा आमच्या भागाचं नाव देशभर झालं होतं. त्यामुळे कर्जमाफी आली तेव्हा ती आमच्यासाठीच आली असं आम्हाला वाटणं साहजिक होतं. संध्याकाळी बाबांनी आईला म्हटलं, "आता सुटलो." घरात त्या दिवशी शेवयांची खीर झाली. बजेटच्या आधी दिल्लीच्या अर्थखात्यात हलवा करतात म्हणे. आमच्या घरात बजेटच्या नंतर खीर झालेली तेवढी एकदाच.

दोन-तीन दिवसांनी अट कळली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी. दोन हेक्टर म्हणजे जेमतेम पाच एकर. बाबांच्या सातबाऱ्यावर दोन हेक्टर त्रेचाळीस आर. सहा एकर. एका एकरानं आम्ही बाहेर.

ते सहा एकर कसे आहेत हे कुठल्याच रकान्यात लिहायची सोय नव्हती. कालव्याखालचे पाच एकर आणि आभाळाखालचे सहा एकर यांत काय फरक असतो ते पऱ्हाटीला विचारावं. कोरडवाहू भागात जमीन जास्त असणं हे श्रीमंतीचं नव्हे, जमीन हलकी असल्याचं लक्षण असतं. तेव्हा विदर्भातून हीच ओरड झाली होती, आणि ती अगदी बरोबर होती असं मी आजही म्हणतो. काकांचेही सहाच एकर. पण त्यांनी दहा वर्षांपूर्वी, कसल्याशा भांडणानंतर काकूंची समजूत काढायला, दोन एकर तिच्या नावावर केले होते. काकांच्या नावावर चार राहिले. काका बसले. काकूंचा रुसवा अख्ख्या खानदानात सगळ्यात किफायतशीर ठरला.

पुढे बँकेच्या फलकावर याद्या लागल्या. बाबा यादी वाचायला मला घेऊन गेले. एका यादीवर लहान आणि अत्यल्पभूधारक. दुसरीचं शीर्षक होतं 'इतर शेतकरी'. बाबा त्या दुसऱ्या यादीत होते. इतरांना पंचवीस टक्के सूट होती, पण उरलेले पंचाहत्तर टक्के आधी भरले तर. आमचं कर्ज व्याजासकट एक लाख चार हजार. सव्वीस हजारांची माफी मिळवायला अठ्ठ्याहत्तर हजार भरायचे.

"ज्याच्याजोळ अठ्ठ्याहत्तर हजार असतीन तो कर्ज कायले थकवीन?" बाबांनी साहेबांना विचारलं. साहेब चांगला माणूस होता. तो म्हणाला, "मीही हेच म्हणतो, पण माझ्या हातात नाही." एक जोडी आणि धुऱ्यावरचं लाकूड विकून बाबांनी हप्ते पाडत ते भरले. त्या दिवसापासून घरात कुणी त्यांना कुठं जेवायला बोलावलं आहे असं सांगितलं की ते म्हणत, "पाहा बुवा, मी इतर हावो. बसतो का पंगतीत ते इचारून घ्या."

त्याच्याही आधी, मी लहान असताना, बजेट ही ऐकायची चीज होती. २८ फेब्रुवारी, संध्याकाळचे पाच. ती वेळ म्हणे इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली, विलायतेच्या घड्याळाच्या सोयीची. १९९९ मध्ये सकाळचे अकरा झाले आणि २०१७ पासून तारीख १ फेब्रुवारी. पाचची वेळ कास्तकारालाही सोयीची होती. बैल सोडून, हातपाय धुऊन माणूस रेडिओपाशी बसू शकत असे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'काय स्वस्त, काय महाग' अशी चौकट यायची. आमच्या घरात नसलेल्या फ्रिजचं स्वस्त होणं मी त्या चौकटीत आनंदानं वाचलं आहे. जीएसटी आल्यापासून त्या चौकटीतला जीवच गेला. दर कौन्सिलमध्ये ठरतात, बजेटच्या दिवसाची वाट पाहत नाहीत. चौकटीसाठी उरलं ते सीमाशुल्क. त्यातही २०२४ च्या जुलैत सोन्यावरचं शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आलं तेव्हा गावात दोन दिवस चैतन्य होतं. ज्यांच्या पोरींची लग्नं जूनमध्ये उरकली होती ते सोडून.

आणि हो, 'शेतकरी टॅक्स भरत नाही' हे वाक्य तालुक्याला स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच बोललं जातं, म्हणून लिहितो. खतावर पाच टक्के, फवारणीच्या औषधावर अठरा. व्यापाऱ्याला भरलेला जीएसटी पुढं वळता करून घेता येतो, कास्तकाराला येत नाही. तो शेवटच्या बाकावरचा, त्याच्या मागं भिंत. आमच्या ठेलेवाल्याचा २०२५ मधला दावा तर असा की तंबाखूवर अठ्ठावीस टक्के आणि वर सेस आहे, तेव्हा दिवसाला दहा खर्रे खाणारा माणूस हा गावातला सर्वांत मोठा देशभक्त.

पाच एकरांनी बाबांची पाठ सोडली नाही. १ फेब्रुवारी २०१९ ला पीयूष गोयल यांनी किसान सन्मान निधी जाहीर केला. मी घरी फोन केला. बाबांचा पहिला प्रश्न: "अट किती एकराची?" मी म्हटलं, दोन हेक्टर. ते हसले. "मले माहीतच होतं. दिल्लीत कोनाजोळ तरी माह्या सातबारा हाये." निवडणूक झाली, ३१ मेच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत अट निघाली आणि जवळपास सगळेच बसले. बाबांचा विश्वास बसेना. पहिले दोन हजार जमा झाल्याचा मेसेज मी वाचून दाखवला तरी ते पासबुक घेऊन बँकेत गेले, ओळ छापून आणली, आणि संध्याकाळी ती ओळ काकांना दाखवायला गेले.

२०२४ च्या जूनमध्ये अजित पवारांनी राज्याच्या बजेटात लाडकी बहीण आणली. महिन्याला दीड हजार. भाषण कुणी ऐकलं नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी सेतूपुढं बायांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. आमची आई तेव्हा साठीच्या आतली. निर्णयात पुन्हा तीच ओळ: पाच एकरांपेक्षा जास्त शेती नको. बाबा ओसरीत बसून होते. मी वाचून दाखवलं. या खेपेला ते हसले नाहीत. आईकडे पाहून म्हणाले, "तुह्यासंगं माह्या एक एकर आला."

आई म्हणाली, "तवाच माह्या नावावर केला असता तं?" आणि आत निघून गेली. सोळा वर्षांत ती काकूंच्या दोन एकरांबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

जुलै लागला आणि आठवडाभराच्या आत ती अटही निघाली. आई बसली. आता आमच्या ओट्यावर बायांचं बजेट चालतं, आणि त्यात तूट, महसूल, भांडवली खर्च असलं काही नसतं. "पडले का वं?" एवढंच. ज्याच्या त्याच्या खात्यात पडले की अधिवेशन संपलं.

पण बजेटचा कागद किती पातळ असतो हे २०२५ च्या पोळ्याला कळलं. फेब्रुवारीत मॅडमनं कापसाचं नाव घेतलं होतं आणि ठेलेवाल्यानं ते जपून ठेवलं होतं. कापसाच्या आयातीवर तेव्हा अकरा टक्के शुल्क होतं. पोळ्याला तीन-चार दिवस असताना ते काढल्याची अधिसूचना आली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबर. आमचा कापूस बाजारात यायचे नेमके तेच महिने. यासाठी भाषण नव्हतं, बाकं वाजली नाहीत, कुणाची प्रतिक्रिया घ्यायला कुणी आलं नाही. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० जाहीर होता. पण हमीभावाच्या केंद्रावर ओलावा मोजतात, आणि घरी गंजी ठेवायला जागा नसलेला माणूस व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीच्या गाडीत कापूस टाकून मोकळा होतो.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या. माझा धाकटा भाऊ आमची जोडी धरून होता. झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची टोमण्यांची कवनं, सुरू झाल्या. आमच्याकडे पोळ्याच्या झडतीत कुणालाही सोडत नाहीत, सरपंचापासून पंतप्रधानापर्यंत. बाबा खुर्ची टाकून बसले होते. तेवढ्यात तो फेब्रुवारीतला पंक्चरवाला पोट्टा पुढं आला, कानावर हात ठेवला, आणि माझ्याकडे पाहत सुरू झाला:

"माफी झाली बारा लाखाची, गुर्जी बसले जोरात,
कापूस आला परदेशाचा, आमचा अजून वावरात!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

म्हणजे त्या दिवशी खिशातला हिशेब त्यानं पाहिला होता. अख्खा पोळा हसला. भाऊ तर कासरा सोडून हसत होता, बैल बिथरायची वेळ आली. बाबांना ऐकू कमी येतं. त्यांनी शेजारच्या आबाजींना विचारलं, "काय म्हनला गा? कोन बसलं?"

आबाजींनी बोट माझ्याकडे केलं. मी काय करणार, सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो, "हर हर महादेव!"