शून्य कुठं धरायचं?

सहावीतल्या कुठल्याही पोराची कंपासपेटी उघडून पट्टी हातात घ्या. बहुतेक पट्ट्यांवर शून्याची रेघ अगदी टोकावर नसते, टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत असते. ती जागा मुद्दाम सोडलेली असते. दप्तरात आपटून पट्टीचं टोक झिजतं, आणि शून्यच झिजलं तर पुढचं सगळं माप बोंबललं. पण घाईत मुलं पट्टीचं टोकच रेषाखंडाला भिडवतात आणि 6 सेंमीचा रेषाखंड 5.6 भरतो. काही जण एकच्या खुणेपासून मोजायला लागतात, त्यांचा 7 भरतो. एका रेषाखंडाची तीन उत्तरं, आणि तिघांच्याही पट्ट्या बिनचूक!

कोनमापकाचं त्याहून अवघड. त्याच्यावर आकड्यांच्या दोन रांगा, एक डावीकडून चढणारी, दुसरी उजवीकडून. शिवाय शून्याची आडवी रेघ बहुधा खालच्या कडेवर नसतेच, जरा वर असते. मग डोळ्यांना सरळसरळ लघुकोन दिसत असताना वहीत 120 अंश लिहिलेलं असतं. तोडगा सोपा आहे : कोनाची जी भुजा शून्यावर टेकली आहे, त्या शून्यापासून बोट फिरवत वर जायचं, रांग बदलायची नाही.

सहावी ते आठवी या तीन वर्षांत शाळेत काय शिकवतात, असं विचारलं तर अनुक्रमणिका पूर्णांक, परिमिती, क्षेत्रफळ, आलेख अशी मोठी यादी देईल. माझ्या मते या वयात मुलं मुख्यतः एकाच गोष्टीशी झुंजत असतात. शून्य कुठं धरायचं?

सहावीतले पूर्णांक म्हणजे तीच झुंज. उणे 7 मोठा की उणे 3, यावर अर्धा वर्ग 7 च्या बाजूनं हात वर करतो. दुकानदाराच्या वहीतली उधारी आठवली की हात खाली येतात.

मैदानावरही तेच चालतं. लांब उडीचं माप पोरं उडी मारणाऱ्याच्या चवड्यापासून धरतात, कारण त्यांच्या मते उडी तिथून सुरू झाली. नियमानं ते उडी घ्यायच्या फळीच्या, वाळूच्या खड्ड्याकडच्या कडेपासून धरायचं असतं, मग पाय फळीच्या चार बोटं मागून उचलला असला तरी. दुसरं टोक म्हणजे वाळूत फळीच्या सर्वांत जवळ उमटलेली खूण. पडताना हात मागं टेकला तर माप हातापाशी संपतं आणि तिथं हमखास भांडण होतं. टेपही तिरकी चालत नाही, फळीच्या रेषेला काटकोनातच धरायची.

शाळेच्या स्वयंपाकघरात शून्य काट्यावर असतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीला दर मुलामागं 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. हजेरी 64 असेल तर 9 किलो 600 ग्रॅम. हा गुणाकार सातवीतल्या मुलांकडून रोज करून घेण्यासारखा आहे. पण तांदूळ पातेल्यात घालून मोजतात. पातेलं 1200 ग्रॅमचं असेल आणि ते ठेवल्यावर काटा शून्यावर आणायचं राहिलं, तर आठ पोरांचा भात कमी शिजला. चूक काट्याची नाही, काट्यानं पातेलंही इमानदारीनं मोजलं.

पण कोल्हापुरात हा विषय खरा रंगतो तो पावसाळ्यात. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि आठ-पंधरा दिवसांत विज्ञानाच्या तासाला कुणीतरी बाटलीचा पर्जन्यमापक करतंच. दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्यायची. मध्ये कंबर असलेली चालत नाही, कारण तिथं बाटली अरुंद होते आणि पाणी उगाच उंच चढतं. जिथं खांदा सुरू होतो तिथं गोल कापायची, कापलेला भाग झाकण काढून उलटा आत बसवायचा आणि कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. हे नरसाळं पाऊस आत घेतं आणि मधूनच ऊन पडलं तर वाफही कमी होऊ देतं.

आता बाटलीचा तळ. तो सपाट नसतो, त्याला पाच फुगीर पाय असतात. मुलं पट्टीचं शून्य थेट जमिनीपाशी चिकटवतात आणि पहिले काही मिलिमीटर त्या खड्ड्यांतच गडप होतात. काही शाळांत खडे टाकून बाटलीचं अंग सरळ होतं तिथपर्यंत पाणी भरतात आणि त्या रेघेला शून्य म्हणतात. हे चालतं, पण रोज बाटली रिकामी केल्यावर पुन्हा त्या रेघेपर्यंत पाणी भरायचं लक्षात ठेवावं लागतं, आणि ते दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विसरतं. त्यापेक्षा सिमेंटचं पातळ कालवण ओतून तळ सपाट करावा. दोन दिवस सुकू द्यावं आणि वापरायच्या आधी एकदा पाणी पाजून घ्यावं, नाहीतर पहिला पाऊस सिमेंटच पिऊन टाकतं. मेण ओतायच्या फंदात पडू नये, गरम मेणानं बाटली वाकडी होते. सिमेंटचा दुसरा फायदा असा की वाऱ्यानं बाटली लवंडत नाही.

तोंड आणि अंग एकाच मापाचं असेल तर बाटलीतला 1 मिमी म्हणजे पावसाचा 1 मिमी, गुणाकार नाही. कुणी हौसेनं 10 सेंमी व्यासाचं नरसाळं 5 सेंमी व्यासाच्या बरणीवर बसवतं, तेव्हा वर्ग हमखास सांगतो की पाणी दुप्पट चढणार. चढतं चौपट, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणं वाढतं. वर्तुळाचं सूत्र पाठ असणाऱ्या आठवीतल्या मुलांनाही हे बरणीत बघितल्यावरच पटतं. पडताळणीही करता येते. 11 सेंमी व्यासाच्या बाटलीत 95 मिली पाणी ओतलं की पातळी जवळजवळ 10 मिमी वर जायला हवी. खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं टोपण त्याला पुरतं.

बाटली भिंतीपाशी किंवा झाडाखाली ठेवली की सगळं मुसळ केरात. भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली हवी आणि तोंड जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे शिंतोडे आत जात नाहीत. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं. शाळा साडेदहाला भरत असेल तर साडेदहा धरा, पण रोज तीच वेळ पाळा, आणि मग आपला आकडा पेपरातल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून रडू नका. वाचताना डोळे पाण्याच्या पातळीत आणायचे आणि पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाचा खालचा भाग वाचायचा. उभ्या उभ्या वरून बघणाऱ्याला वेगळाच आकडा दिसतो. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात तर बाटली एका दिवसातच भरू शकते. तिकडं संध्याकाळी एक, सकाळी एक, अशा दोन नोंदी घेऊन बेरीज करायची.

शिरोळ तालुक्यातल्या मुलांच्या बाटलीत मात्र तळ जेमतेम ओला होतो आणि तरीही गावात पुराचं पाणी येतं. ढग फुटतात घाटमाथ्यावर आणि पाणी उतरतं नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. बाटलीत 3 मिमी आणि दारात नदी, हा धडा कुठल्याही नकाशापेक्षा पक्का बसतो.

शहरातल्या पोरांना पाढे येवोत न येवोत, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे दोन आकडे तोंडपाठ असतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. हे फूट समुद्रसपाटीपासूनचे नाहीत, कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. त्या पट्टीचं शून्य तिथलं तिथं आहे. रोजची पातळी वहीत लिहून आलेख काढायला सांगितला की दोन गमती होतात. पहिली, 40 फूट 9 इंच म्हणजे 40.9 असं लिहिलं जातं आणि पुढं 40 फूट 11 इंचाचं 40.11 होतं. नदी चढतेय आणि आलेख उतरतोय! 9 इंच म्हणजे पाऊण फूट, म्हणून 40.75, आणि 11 इंचांचे 40.92. दुसरी गंमत उभ्या अक्षाची. शून्यापासून सुरुवात केली तर आठवडाभराचा चढ सपाट दिसतो, 35 पासून केली तर 39 ते 43 हा अंबाबाईच्या देवळाच्या शिखरासारखा उठतो. 35 पासून करायला हरकत नाही, फक्त अक्षावर तळाशी नागमोडी खूण करायची, म्हणजे खालचा भाग कापलाय हे बघणाऱ्याला कळतं. वरची मर्यादा मात्र 60 ठेवावी. 2019 आणि 2021 साली पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं.

पाऊस पडलाच नाही त्या दिवशी तक्त्यात 0 लिहायचं. बाटली वाचलीच नाही त्या दिवशी आडवी रेघ मारायची. मुलं दोन्हीकडं मोकळा चौकोन सोडतात आणि महिन्याची सरासरी काढायला बसली की भांडतात, भागायचं 31 नं की 26 नं? रविवारी शाळा बंद, त्यामुळं शनिवार-रविवारचा सगळा पाऊस सोमवारी सकाळी एकत्र मोजला जातो आणि सोमवारच्या नावावर चढतो. जुलैच्या स्तंभालेखात मग दर सोमवारी एक उंच खांब उभा असतो. पाऊस काही श्रावणी सोमवार धरत नाही, आणि जुलैत तर बहुतेक आषाढच असतो. अशा वेळी रविवार-सोमवार मिळून एकच चौकोन करावा आणि त्यात बेरीज लिहून '2 दिवस' अशी नोंद करावी.