चार दारांची प्लिमथ

न्यू जर्सीतल्या एडिसनहून पहाटे पाचला निघालो तेव्हा मावसभावाचा चेहरा रविवारी दळण आणायला पिटाळलेल्या पोरासारखा झाला होता. गाडी म्हणजे ऑफिसात नेऊन सोडणारी वस्तू, एवढंच त्याचं मत. "भंगार बघायला अडीच तास ड्राइव्ह?" हे त्याने पेनसिल्व्हेनियाची हद्द लागेपर्यंत तीनदा विचारलं.

हर्शी हे चॉकलेटवाल्या मिल्टन हर्शीचं गाव. मुख्य रस्त्याचं नाव चॉकलेट अव्हेन्यू. त्यावरच्या दिव्यांचा आकार किसेस चॉकलेटसारखा आहे, एक चंदेरी कागदासकट, एक कागद सोडलेला. पाच मिनिटं मौज वाटते. आम्ही आलो होतो ऑक्टोबरातल्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९३५ सालची आणि तिची ही जत्रा इथे १९५५ पासून भरते. पूर्वी सगळं गवताळ मैदानावर चालायचं आणि पाऊस झाला की गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागत, असं जुनी माणसं अजून अभिमानाने सांगतात. आता बरंचसं डांबर आहे. त्यावर स्पेअर पार्टचे हजारो गाळे लागतात. आपला चोरबाजार दहा वेळा उलगडून अंथरावा तसं ते दिसतं.

विक्रीच्या गाड्यांचं आवार वेगळं. त्याला 'कार कॉरल' म्हणतात. कॉरल म्हणजे गुरं कोंडायची जागा, आणि आत शिरल्यावर मला खरोखरच बैलबाजार आठवला. मालक घडीच्या खुर्चीवर बसलेला, गिऱ्हाईक गाडीभोवती फिरतंय, दोघांनाही आपली घाई नाही असं दाखवायचंय. आपल्याकडे बैलाचे दात बघतात, इथे लोक खाली आडवे होऊन फ्लोअरचा पत्रा बघतात. एका आजींनी तर पर्समधून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि एका झगझगीत लाल फोर्ड मस्टँगच्या दारावरून सावकाश खाली सरकवत नेलं. वर चिकटलं. दाराच्या खालच्या कडेला आलं आणि सुटून हातात पडलं. म्हणजे तिथे पत्रा नाही, पुट्टी भरलेली. आजी काही बोलल्या नाहीत. चुंबक परत पर्समध्ये टाकून पुढच्या गाडीकडे गेल्या. मालकाने मात्र टोपी डोळ्यांवर ओढली.

काचेमागे लावलेली किमतीची पाटी वाचणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. 'नंबर जुळतात' म्हणजे इंजिन मूळचंच. 'कोठारात सापडली' म्हणजे बहुधा उंदरांचं कुटुंब सीटमध्ये राहून गेलंय. 'चालू स्थितीत' म्हटलंय, पण थांबते का त्याबद्दल मौन. पाटीपेक्षा कारखान्याने गाडीवर कोरलेला नंबर खरं बोलतो. १९५७ च्या शेव्हरलेचा नंबर 'व्ही' अक्षराने सुरू झाला तर गाडी कारखान्यातूनच आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन घेऊन निघालेली. तसं नसेल आणि आत तरीही व्ही-एट असेल, तर सहा सिलिंडरच्या गाडीत पुढे कुणीतरी मोठं इंजिन बसवलंय. आणि १९६४-६५ च्या पॉन्टिअॅक जीटीओची पंचाईत अशी की ती जीटीओ आहे हे नंबरवरून कळतच नाही, कारखान्याची कागदपत्रं मागावी लागतात. कागद नसतील तर पॉन्टिअॅकच्याच साध्या लमांस मॉडेलला नुसते बिल्ले चिकटवलेले असू शकतात.

फिकट निळ्या शेव्हरले बेल एअरच्या मालकाने मावसभावाला विचारलं, पेट्रोल कुठून भरतात सांग. भावाने गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. झाकण कुठेच नाही. मग त्या गृहस्थाने मागे डावीकडे पंखासारख्या उभ्या पत्र्याच्या टोकाची क्रोमची पट्टी अलगद ओढली. ती दारासारखी उघडली आणि आत झाकण. भाऊ लहान मुलासारखा हसला. त्यानंतर 'भंगार' हा शब्द दिवसभर आला नाही.

दुपारपर्यंत या बाजाराचं गणित लक्षात आलं आणि ते मला काही पटलं नाही. टप उघडणारी बेल एअर सगळ्यात महाग. दोन दारांची त्याखाली. आणि तीच गाडी, तेच पंख, तेच इंजिन, पण दारं चार, की किंमत धाडकन खाली. आपल्याकडे चार दारं ही सोय. इथे चार दारं म्हणजे पोराबाळांची, किराणा आणायची गाडी. जी घरोघर राबली तिला भाव नाही, जी हौसेने घेतली तिला आहे.

म्हणूनच शेवटच्या रांगेत ती १९५० ची प्लिमथ एकटी उभी होती. चार दारं, करडा रंग, स्टिअरिंगखाली हातगिअर. पाटीवर आकडा खोडून दुसरा, तोही खोडून तिसरा. ९,८०० डॉलर.

या गाडीपाशी मी थांबणार होतोच. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडायला घेतल्या. माझे आजोबा गिरगावातल्या एका शेठकडे ड्रायव्हर होते, त्यांच्या हातात उजव्या स्टिअरिंगची डॉज होती. परदेशी धाडलेल्या त्या डॉज बऱ्याचदा नावाने डॉज आणि अंगाने प्लिमथच असायच्या. आजोबा गाडीबद्दल फारसं बोलत नसत. गोष्ट एकच, आणि ती मात्र दर दिवाळीला. खंडाळ्याच्या घाटात पंक्चर झालं, नव्या क्लीनरने पान्यावर उभं राहून डाव्या चाकाचा बोल्ट सोडवायला घेतला आणि कडकन मोडलाच. त्या गाड्यांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे. आपण सोडवतोय असं वाटतं तेव्हा खरं तर आवळत असतो. शेठ बायकामुलांसह दरडीखाली बसून राहिले, आणि बोलणी आजोबांना बसली.

मी मालकाला विचारलं, "डावीकडचे बोल्ट उलटेच आहेत ना?"

तो खुर्चीतून उठला. सकाळपासून पहिल्यांदाच उठला असावा. "तुला कोणी सांगितलं?"

सांगितलं. घाटासकट. त्याने डाव्या चाकाची वाटी काढून दाखवली. बोल्टच्या डोक्यावर बारीक 'एल' कोरलेला होता, गंजाने निम्मा खाल्लेला. मी त्यावरून बोट फिरवलं. गाडी घेणार नव्हतो, हे त्यालाही कळत होतं, तरी त्याने इंजिन चालू करून दाखवलं. सहा सिलिंडरचं जुनं, सपाट डोक्याचं 'फ्लॅटहेड'. शिलाई मशीनवर आई चादर शिवायला बसली की जो आवाज यायचा, तसंच काहीसं.

परतताना स्पेअर पार्टच्या गाळ्यांतून गेलो. एका टेबलाखाली पत्र्याच्या डब्यात शेकडो चाकांचे बोल्ट. मी उकिडवा बसून एकेकाचं डोकं निरखायला लागलो. भाऊही बसला, मोबाइलचा टॉर्च लावून. पंधरा मिनिटांनी त्याला एक 'एल' सापडला.

"एक घेऊन काय करणार?" गाळेवाला म्हणाला. "चाकाला पाच लागतात."

उरलेले चार शोधायला आणखी अर्धा तास गेला.